मृतमांसाचा नीतिविचार

मांसाहाराच्या नीतीविषयी आजवर जो वाद झाला, त्यात दोन्ही पक्षांचा सारा भर एका क्षणावर राहिला आहे, आणि तो क्षण म्हणजे हत्येचा. ज्या जिवाला आपल्याइतकीच जगण्याची ओढ आहे त्याच्या मानेवर सुरी फिरविण्याचा अधिकार मनुष्याला कोणी दिला, असे एक पक्ष विचारतो. जीव जिवावरच जगतो आणि मनुष्य काही सृष्टिक्रमाच्या बाहेर नाही, असे दुसरा पक्ष उत्तर देतो. परंतु हा क्षणच विचारातून वगळला, म्हणजे गाय म्हातारपणाने गोठ्यात मरून पडली, शेळी कड्यावरून कोसळली किंवा हरिण वाहनाचा धक्का लागून रस्त्याकडेला गतप्राण झाले, आणि त्या मरणात खाणाऱ्याचा हात नाही, इच्छा नाही, एवढेच काय पण त्याला त्याची पूर्वकल्पनाही नाही, असे मानले, तर त्या मांसाच्या सेवनात दोष तो कोणता उरतो? अहिंसेच्या तराजूत तोलले तर हे मांस खाटकाच्या दुकानातील मांसापेक्षा निःसंशय हलके भरावयास हवे. आणि तरीही जगातील बहुतेक धर्मशास्त्रांनी मारलेल्या जनावराचे मांस काही अटींवर ग्राह्य मानून आपोआप मेलेल्या जनावराचे मांस मात्र त्याज्य ठरविले, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला कोड्यात टाकणारी आहे.

हे कोडे केवळ तर्कशास्त्राच्या वर्गात सोडविण्याचे असते, तर त्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण घालण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आपल्या महाराष्ट्रात शेकडो वर्षे एका समाजाला हे मांस खाणे भाग पडले, ते खाल्ल्याबद्दल त्यालाच अपवित्र ठरविण्यात आले, आणि अखेरीस ते सोडण्याचा निर्धार हाच त्या समाजाच्या स्वाभिमानाचा एक आरंभबिंदू ठरला. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या भूमीवर जितक्या गांभीर्याने व्हावयास हवा तितका क्वचितच दुसरीकडे व्हावा.

प्राचीनांचे निवाडे

मनुष्य शिकारी होण्यापूर्वी उष्टे मांस वेचणारा होता काय, याविषयी पुरातत्त्वज्ञांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा वाद झाला. टांझानियातील ओल्डुवाई घळीत सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची जी जनावरांची हाडे सापडली, त्यांवर हिंस्र श्वापदांच्या दातांचे व्रण आहेत आणि दगडी हत्यारांचे ओरखडेही आहेत. आपले पूर्वज सिंह-तरसांनी खाऊन टाकलेल्या सांगाड्यांतील मगज आणि उरलेसुरले मांस मिळवीत असत, असे ल्युइस बिनफर्ड आणि रॉबर्ट ब्लूमेनशाइन यांनी प्रतिपादिले; ते स्वतःच शिकार करीत, असे इतरांनी उत्तर दिले. वाद कोणत्याही बाजूस झुकला तरी एवढे खरे, की स्वतः न मारलेल्या जनावराचे मांस हा मनुष्यजातीच्या आहारातील अतिप्राचीन पदार्थ आहे आणि त्याची किळस माणूस जन्मतः घेऊन येत नाही.

धर्मशास्त्रांकडे वळले म्हणजे चित्र पालटते. ज्यूंच्या पवित्र ग्रंथातील अनुवादाच्या पुस्तकात, आपोआप मेलेले काहीही खाऊ नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. पण तेच मांस गावात राहणाऱ्या उपऱ्याला खाण्यास द्यावे किंवा परकीयाला विकावे, अशी मुभाही त्याच वचनात दिली आहे, आणि कारण सांगितले आहे ते हे, की तुम्ही ईश्वराचे पवित्र लोक आहात. लेवीय पुस्तकात मात्र असे मांस खाणारा देशचा असो वा उपरा असो, दोघांनाही वस्त्रे धुऊन स्नान करण्यास आणि संध्याकाळपर्यंतचे अशौच पाळण्यास सांगितले आहे. एकाच धर्मपरंपरेतील या दोन वचनांत केवढे अंतर आहे हे वाचकाने ध्यानी घ्यावे. एका ठिकाणी अन्नाची अशुद्धता सर्व मनुष्यांना सारखीच लागू होते. दुसऱ्या ठिकाणी जे आपल्याला वर्ज्य ते दुसऱ्याला चालते, असा पंक्तिभेद उभा राहतो.

इस्लामने मृत जनावर, रक्त आणि डुकराचे मांस यांचा निषेध एकत्रच केला आहे. कुराणातील ‘अल्-माइदा’ या सूरेत गळा आवळून मेलेले, मार बसून मेलेले, उंचावरून पडून मेलेले, दुसऱ्या जनावराने शिंगाने भोसकलेले आणि श्वापदाने खाल्लेले, अशी अपमृत्यूची यादीच दिली असून, भुकेने अगतिक झालेल्या, पापाकडे कल नसलेल्या मनुष्याला मात्र त्यातून माफी आहे. आपल्याकडेही आपद्धर्माची कल्पना आहेच. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्राने चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी घेतली आणि त्या चांडाळानेच त्याला धर्माधर्माचे प्रश्न विचारले, ही महाभारताच्या शांतिपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. मनुस्मृतीने तर कुत्र्यांनी व इतर मांसभक्षक पशूंनी मारलेल्या जनावराचे मांस शुद्ध ठरविले आहे.

बौद्ध आणि जैन आचार्यांनी या प्रश्नाचा विचार पावित्र्याच्या अंगाने न करता हिंसेच्या अंगाने केला, म्हणून आपल्या विषयाला त्यांचे मत विशेष जवळचे आहे. मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात भिक्षूने कोणते मांस घ्यावे याचा निकष सांगितला आहे. आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही नसावी. असे तिन्ही बाजूंनी शुद्ध मांस भिक्षेत पडले तर ते घेण्यास हरकत नाही. भिक्षूंनी मत्स्यमांस जन्मभर वर्ज्य करावे, अशी देवदत्ताची मागणी बुद्धाने नाकारली, हेही प्रसिद्ध आहे. सिंहाने किंवा वाघाने खाऊन टाकलेल्या शिकारीचे अवशेष भिक्षूंनी घेतले तर तो चोरीचा अपराध होतो काय, असा प्रश्न विनयपिटकात आला आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. येथे दोष शोधला आहे तो खाणाऱ्याच्या हेतूत आणि त्याच्यासाठी घडलेल्या कृत्यात.

याच्या अगदी उलट टोकाला दहाव्या शतकातील दिगंबर आचार्य अमृतचंद्र उभे आहेत. मांसासाठी हिंसा घडते म्हणून मांस त्याज्य, एवढ्यावर ते थांबत नाहीत. म्हैस किंवा बैल स्वतःहून मेला तर त्याच्या मांसाचे काय, हा आपलाच प्रश्न त्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात नेमका विचारला असून, त्याही मांसात हिंसा आहेच, असा निवाडा दिला आहे. कारण मांस कच्चे असो, शिजत असो वा शिजलेले असो, त्यात निगोद नावाचे असंख्य सूक्ष्म जीव सतत उत्पन्न होत असतात आणि खाणारा त्यांचा नाश करतो. सूक्ष्मदर्शक यंत्राचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके मांडलेला हा विचार आधुनिक जंतुशास्त्राशी एक मानणे चुकीचे होईल, कारण आचार्यांची चिंता त्या जिवांच्या प्राणाची होती, खाणाऱ्याच्या प्रकृतीची नव्हती. तथापि मेलेले शरीर ही निर्जीव वस्तू नसून ते जीवांनी गजबजलेले असते, हे त्यांचे निरीक्षण मात्र आपल्याला पुढच्या मुद्द्याकडे नेते.

नैसर्गिक मरण म्हणजे काय

‘आपोआप मेले’ असे आपण सहज म्हणतो, पण जनावर क्वचितच विनाकारण मरते. निरोगी जनावर खाटकाकडे जाते किंवा दावणीला कामात असते. जे गोठ्यात किंवा रानात मरून पडते ते बहुधा रोगाने, विषाने, सर्पदंशाने, उपासमारीने किंवा प्रसूतीच्या अडचणीने मेलेले असते. मारलेल्या जनावराचे रक्त वाहून जाते. पडलेल्या जनावराचे रक्त शरीरातच साकळते, आतड्यांतील जंतूंना अटकाव करणारी जिवंत शरीराची यंत्रणा बंद पडते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तर काही तासांत पोट फुगून मांस नासू लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे घटसर्प आणि फऱ्या हे रोग शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहेत. त्यांत सकाळी धडधाकट दिसलेले जनावर दुसऱ्या दिवशी आडवे झालेले आढळते.

सर्वांत भयंकर तो अँथ्रॅक्स. या रोगाने मेलेल्या जनावराचे शरीर झपाट्याने फुगते, नाकातोंडातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त पाझरते, आणि अंग इतर मृत जनावरांसारखे ताठत नाही. असे प्रेत उघडू नये, असा पशुवैद्यकाचा पहिला नियम आहे. कारण शरीर फाडून आतले जंतू हवेच्या संपर्कात आले की ते टणक बीजाणूंचे रूप घेतात, आणि ते बीजाणू जमिनीत अनेक दशके तग धरून राहतात. माणसाला तो जडतो तो बहुधा कातडे सोलताना, मांस कापताना किंवा हाताळताना; त्वचेवर काळ्या खपलीची जखम होते, तिलाच आपण काळपुळी म्हणतो. ओडिशाच्या कोरापूट जिल्ह्यात, जेथे गरीब आदिवासी कुटुंबे मेलेले जनावर वाया घालवू शकत नाहीत, तेथे हा रोग वारंवार डोके वर काढतो. ज्या समाजांनी पडलेले जनावर वर्ज्य केले त्यांच्या निर्बंधात असा पिढ्यान्‌पिढ्यांचा कटु अनुभव मुरलेला असणे संभवनीय आहे, जरी शास्त्रकारांनी त्याला पावित्र्याची भाषा दिली असली तरी.

आधुनिक काळात आणखी एक गोष्ट या मरणात शिरली आहे, आणि ती म्हणजे औषध. १९९० नंतरच्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे एकाएकी नाहीशी होऊ लागली, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झाले. गुरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या शरीरात राहत होता आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारत सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या परिसरात मेलेली गुरे गिधाडांसाठी ठेवून त्यांची वसाहत टिकविण्याचा जो प्रयत्न झाला, तो या दृष्टीने बोधप्रद आहे. मेलेल्या जनावरावर सृष्टीत हक्क सांगणारे माणसाखेरीज इतरही आहेत, आणि त्यांचा घास आपण न कळत विषारी केला, ही या प्रकरणातील हिंसा कोणा खाटकाच्या हातून घडलेली नाही.

बावन्न हक्कांतला एक

आता आपल्या गावगाड्याकडे येऊ. जुन्या महाराष्ट्रातील महाराचे वतन हे गावाच्या कारभाराचा आधारस्तंभ होते. वेशीची राखण, शिवेच्या तंट्यात साक्ष, सरकारी सारा तालुक्याच्या कचेरीत पोहोचविणे, कामगारांच्या दिमतीस राहणे, मयताची बातमी गावोगाव नेणे, आणि मेलेले ढोर ओढून गावाबाहेर टाकणे ही कामे महाराकडे वंशपरंपरेने चालत असत. त्यांच्या मोबदल्यात बलुते, भाकरी मागण्याचा हक्क आणि काही ठिकाणी हाडकी-हाडोळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इनाम जमिनी मिळत. बीदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरागत समजूत आहे, आणि मेलेल्या जनावरावरचा हक्क हा त्यांतलाच एक मानला जाई. कातडे कोणी घ्यावे, मांस कोणी घ्यावे, शिंगे-हाडे कोणाची, याविषयी गावोगावची वहिवाट निरनिराळी असे. कातडे कमावणारा ढोर आणि जोडे शिवणारा चांभार यांचे धंदेही याच व्यवहारावर उभे होते.

या वतनाला हक्क म्हणावयाचे आणि त्याच्या मोबदल्याला उत्पन्न म्हणावयाचे, ही दफ्तरी भाषा झाली. प्रत्यक्षात त्याचे रूप काय होते हे दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला पहिल्यांदा दाखविले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील उपासमारीचे आणि गुरांच्या साथीत येणाऱ्या मांसाचे वर्णन काहीही न लपविता केले. जनावर पडल्याची खबर आली की सुऱ्या, पाट्या घेऊन माणसे धावत. गिधाडे आणि कुत्री यांना हाकीत सोलणे-कापणे चाले. घरोघर वाटे पडत. आणि एका वेळेस न संपणारे मांस लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळत घातले जाई. या वाळलेल्या पट्ट्यांना चान्या म्हणत. पावसाळ्यात, जेव्हा घरात दाणा नसे, तेव्हा त्या विस्तवावर भाजून किंवा शिजवून कोरड्या भाकरीबरोबर खाल्ल्या जात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली आहे, ती वाचली म्हणजे अभावातून माणसाने किती कौशल्य निर्माण केले याची साक्ष पटते. हे कौशल्य आदरास पात्र आहे. ज्या अभावाने ते शिकविले तो मात्र कोणत्याही अर्थाने आदरणीय नाही.

या व्यवस्थेतील विपर्यास आता वाचकाच्या लक्षात आला असेल. ज्याने प्राणी मारला नाही, तो अपवित्र. ज्याच्या गोठ्यात तो कामाने झिजून मेला, तो पवित्र. आणि पवित्र मालकाला त्या मृत देहाला स्पर्शही न करता गोठा स्वच्छ मिळावा म्हणून अपवित्राची योजना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नेमक्या या जागी बोट ठेवले आहे. गोवधाला बंदी झाली आणि इतर वर्गांनी गोमांस सोडले तेव्हा पराभूत टोळ्यांतील या दरिद्री लोकांनी ते का सोडले नाही, असा प्रश्न करून त्यांनी उत्तर दिले आहे की हे लोक गाय मारीत नव्हते, मेलेली गाय खात होते. त्यांच्या आचारात गोवधाचा कायदाही मोडत नव्हता आणि अहिंसेचे तत्त्वही मोडत नव्हते. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा त्यांचा संपूर्ण सिद्धांत इतिहासकारांना मान्य होवो वा न होवो, या एका युक्तिवादाने पावित्र्याच्या कल्पनेचा अहिंसेशी लावलेला संबंध कायमचा तुटला आहे. अहिंसा हाच निकष असता, तर महारवाडा गावाच्या मध्यभागी असावयास हवा होता.

अशा वतनाला चिकटलेली आणखी एक आपत्ती होती. ज्याची उपजीविका दुसऱ्याच्या जनावराच्या मरणावर अवलंबून असते, त्याच्यावर त्या मरणाचा संशय घेणे फार सोपे असते. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील चांभारांवर, ते कातड्यासाठी गुरांना सोमल घालतात, असा आरोप सरसकट केला गेला आणि ब्रिटिश अंमलदारांनी तो उचलूनही धरला. काही प्रकरणे खरी असतील. पण संपूर्ण जातीला गुन्हेगार समजण्याची सवय त्यातून लागली. मरणाचा लाभ ज्याच्या वाट्याला दिला, त्यालाच मरणाचा कर्ता ठरविले, आणि तो लाभ त्याला नाकारण्याची सोय मात्र ठेवली नाही.

महाडचा निर्धार

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळे ती इतिहासात अमर झाली. परंतु त्याच परिषदेत आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृतमांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे कळकळीने सांगितले, आणि मृतमांस खाण्यास कायद्याने बंदी करावी अशी मागणीही सरकारकडे करण्यात आली, याकडे तितके लक्ष जात नाही. पाण्यावरचा हक्क गाजविणे आणि ढोरावरचा हक्क टाकून देणे, ही एकाच निर्धाराची दोन अंगे होती. त्यानंतर कोकणात आणि देशावर गावोगाव महारांनी ढोर ओढण्याचे नाकारले. त्याबद्दल त्यांना बहिष्कार, मारहाण आणि बलुते बंद होण्याची शिक्षा भोगावी लागली. ज्यांना हे अन्न घाणेरडे वाटत होते, त्याच लोकांनी ते सोडणाऱ्यांना शिक्षा केली, यावरून त्या घाणीची गरज कोणाला होती हे स्पष्ट होते.

मांस, कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब त्या वेळी हितोपदेश म्हणून मांडला गेला. पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. मृतमांस सोडलेल्या घरात चूल कशाने पेटणार होती, हे सोडणाऱ्यालाच ठाऊक होते. पण जे उत्पन्न नाकारता येत नाही आणि जे घेतल्याबद्दल माणसाची सावलीही अपवित्र ठरते, त्याला उत्पन्न म्हणता येत नाही. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतने कायद्याने नष्ट झाली ती मात्र १९५८ साली.

याच काळात दुसऱ्या दिशेनेही एक प्रयत्न झाला. चामडे वापरावयाचेच तर ते कत्तल केलेल्या जनावराचे न वापरता आपोआप मेलेल्या जनावराचे वापरावे, असा गांधीजींचा आग्रह होता, आणि वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी त्या तत्त्वावर चर्मालय चालविले. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन तर याहून पुढे गेले. तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ साली रत्नागिरीच्या कारागृहात उपोषण करणाऱ्या या चित्पावन ब्राह्मणाने कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मेलेली जनावरे स्वतःच्या हाताने सोलली. मृत जनावराचे काम पवित्र आहे, असे व्याख्यान देणे सोपे आहे. सुरी हातात घेऊन ते करणे हीच त्या विधानाची एकमेव प्रामाणिक कसोटी आहे, आणि अप्पासाहेब त्या कसोटीला उतरले. परंतु त्यांच्या वाटेने जाणारे सवर्ण किती निघाले, हे पाहिले म्हणजे आंबेडकरांनी आपल्या लोकांना ते काम करण्यापेक्षा सोडण्याचाच सल्ला का दिला, हे समजते.

हा इतिहास संपला, असेही मानता येत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना तालुक्यात मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येच्या संशयावरून बेदम मारण्यात आले. त्याच्या निषेधार्थ सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे आणून टाकण्यात आली. ज्यांचे काम तुम्ही गृहीत धरता, त्यांनी ते थांबविले तर काय होते, याचे ते प्रात्यक्षिक होते.

रस्त्याकडेचे हरिण

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न गेल्या काही दशकांत अगदी निराळ्या रूपाने उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील अलास्का राज्यात वाहनांच्या धडकेने दरवर्षी शेकडो मूस मरतात. हा प्राणी आपल्या सांबराहून कितीतरी मोठा असतो, आणि त्याचे ताजे मांस धर्मादाय संस्थांना व गरजू कुटुंबांना देण्याची व्यवस्था तेथे आहे. माँटाना राज्याने २०१३ साली आणि ओरेगनने २०१९ पासून रस्त्यावर मेलेले हरिण परवाना घेऊन नेण्यास कायदेशीर मुभा दिली. डोनाल्ड ब्रकनर या तत्त्वज्ञाने २०१५ साली तर असे प्रतिपादन केले, की धान्य आणि भाजी पिकवितानाही नांगराखाली आणि यंत्राखाली असंख्य लहान प्राणी मरतात. म्हणून प्राण्यांना होणारी इजा कमी करावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने रस्त्यावर आधीच मेलेल्या मोठ्या प्राण्याचे मांस टाकून देता कामा नये.

या युक्तिवादात तथ्य आहे. अन्न कोणतेही असो, त्याच्या मागे कोणाचा तरी प्राण गेलेला असतो, आणि ज्याचा प्राण कोणीही हेतुपुरस्सर घेतला नाही ते अन्न नासू देण्यात कोणते पुण्य आहे, हे सांगणे कठीण आहे. पण ज्या परिस्थितीत तो युक्तिवाद केला आहे तीही पाहिली पाहिजे. ओरेगनमधील मनुष्य ते हरिण घरी नेतो ते स्वेच्छेने. न नेल्यास त्याला कोणी गावाबाहेर काढीत नाही, नेल्यास कोणी त्याच्या हातचे पाणी नाकारीत नाही, अपघाताची वेळ आणि मृत्यूचे कारण त्याला ठाऊक असते, आणि मांस घरात ठेवण्यास शीतकपाट असते. महारवाड्यातील मनुष्याला यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती. मांस तेच, मरणातील निर्दोषताही तीच. पण एक कृती मितव्ययाची आहे आणि दुसरी दास्याची. केवळ प्राण्याकडे पाहून नीतीचा निवाडा देणाऱ्याला या दोहोंतला फरक दिसणारच नाही.

निष्कर्ष

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला उत्तर असे द्यावे लागते. आपोआप मेलेल्या प्राण्याचे मांस खाण्यात त्या प्राण्यावर अन्याय होत नाही. अमृतचंद्रांप्रमाणे सूक्ष्म जीवांचाही विचार करणाऱ्या व्रतस्थ माणसाने ते वर्ज्य केले तर तो त्याच्या निष्ठेचा भाग आहे, पण त्या निष्ठेवरून दुसऱ्याला हीन ठरविण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. जो भुकेने अगतिक होऊन ते खातो त्याच्याकडे दोष नाही, हे तर कुराणापासून महाभारतापर्यंत सर्वांनी मान्य केले आहे. त्या सर्वांनी सांगावयाचे राहिले ते एवढेच, की ज्याने त्याला वर्षानुवर्षे अगतिक ठेवले त्याच्याकडे मात्र दोष आहे.

म्हणून या अन्नाविषयी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत, आणि तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच ते निर्दोष म्हणता येईल. प्राणी कशाने मेला, हे खाणाऱ्याला नक्की कळले आहे काय? त्या मरणात कोणाचा लोभ किंवा निष्काळजीपणा दडलेला नाही ना? आणि जो ते खातो किंवा जो ते उचलतो, त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे काय? पहिला प्रश्न पशुवैद्याचा, दुसरा कायद्याचा; तिसरा समाजाचा आहे, आणि आपण आजवर त्याचेच उत्तर टाळीत आलो आहोत.

मेलेली जनावरे आजही गावोगाव पडतात आणि ती कोणीतरी उचलतो. हे काम एका जातीच्या जन्माला बांधलेले न राहता ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या जबाबदारीचे, पुऱ्या वेतनाचे, हातमोजे, यंत्रे आणि वैद्यकीय तपासणी यांसह होणारे सार्वजनिक काम झाले पाहिजे. प्रेत पुरण्याची किंवा गिधाडांसाठी सुरक्षित ठेवण्याची तजवीज शास्त्रीय पद्धतीने झाली पाहिजे. आपल्या गावात हे काम कोण करतो, त्याला काय मिळते आणि त्याने ते उद्या सोडले तर गाव त्याच्याशी कसे वागेल, एवढी चौकशी प्रत्येक वाचकाने करावी. दुसऱ्याच्या ताटातील अन्नाविषयी मत देण्याचा अधिकार त्यानंतरचा आहे.